मागच्या सीटचे गुण

शिवणखात्याच्या दारातून दोन माणसं मोजपट्टी घेऊन आत आली, तेव्हा टाकेमावशी एका सीटच्या कव्हराची शेवटची कड मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कारखान्यात मोजपट्टी घेऊन येणारी माणसं कापड मोजतात, टेबलं मोजतात, फार तर दोन मशिनांमधलं अंतर मोजतात. ही दोघं मात्र थेट त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, जरा उठता का? तुम्हाला मोजायचंय."

"मला? का, माझं कव्हर शिवायचंय?"

सगळ्या खात्यात हशा पिकला. बावीस वर्षं त्या इथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होत्या. इंचाला सात टाके, सहा नाहीत की आठ नाहीत. नवीन मुलीने शिवलेलं कव्हर हातात आलं की उलटं करून नखाने टाके मोजायचे, ही त्यांची सवय. त्यावरूनच नाव पडलं टाकेमावशी, आणि ते इतकं रुळलं की पगाराच्या पाकिटावरचं नाव वाचून त्यांना क्षणभर वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाचं आलं की काय.

त्या दोघांनी त्यांना स्टुलावर बसवून मोजलं. बुडापासून डोक्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि शेवटी कंबर.

"कंबर कशाला?"

"बेल्टसाठी, मावशी. सीटबेल्ट."

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, स्थळ आलंय वाटतं!"

"आलं तर येऊ दे, आधी घरी नवऱ्याला विचारीन," मावशी म्हणाल्या. पण मनातून त्या गोंधळल्या होत्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्या गोष्टींची मापं घेतली, तिचं माप घेतलं की तिला हात कुठे ठेवायचे तेही कळत नाही.

चार दिवसांनी त्यांना वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. काचेच्या एका छोट्या खोलीत एक तरुण इंजिनिअर बाई बसली होती. सगळे तिला मॅडमच म्हणायचे, मावशींच्या मुलापेक्षा वयाने लहान असूनसुद्धा. मॅडमने त्यांना खुर्ची दिली आणि आनंदाने सांगितलं, "मावशी, नव्वद बायकांची मापं घेतली. त्यात तुम्ही अगदी मध्यम निघालात. उंची मध्यम, वजन मध्यम, पायांची लांबी मध्यम. आम्हाला हवं होतं तसं!"

यावर खूश व्हावं की रागवावं, मावशींना कळेना. त्यांनी मधला मार्ग म्हणून मान हलवली.

काम असं होतं. कारखाना एक नवीन गाडी काढणार होता. फार मोठी नाही, फार लहान नाही, पाच माणसांच्या घराला पुरेल अशी, मागे डिकी असलेली. ती बाजारात आणायच्या आधी दुसऱ्या दोन कंपन्यांच्या तशाच गाड्यांशी तिची तुलना करायची होती. तिन्ही गाड्यांवरची नावं, चिन्हं, सगळं काळ्या पट्ट्यांनी झाकलेलं. नुसते आकडे लावलेले, एक, दोन, तीन. पुढे बसून गाडी पळवणारे तज्ज्ञ कंपनीकडे पुष्कळ होते. मागे बसणारं कुणी नव्हतं. मावशींनी दोन आठवडे रोज तिन्ही गाड्यांतून एकेक फेरी मारायची आणि परत येऊन फॉर्म भरायचा. एक ते दहा गुण द्यायचे.

"आमची कुठली ते सांगणार नाही," मॅडम म्हणाली. "तुम्ही ओळखायचाही प्रयत्न करायचा नाही."

मावशींनी फॉर्म हातात घेतला. त्रेचाळीस प्रश्न होते. पाठीला आधार. मांडीला आधार. गुडघ्यांना जागा. खड्ड्यांचे धक्के. आवाज. गारवा. वेग घेताना कसं वाटलं. ब्रेक लागताना कसं वाटलं.

"मॅडम, दहा म्हणजे काय?"

"दहा म्हणजे सर्वोत्तम. याहून चांगलं असूच शकत नाही."

"सर्वोत्तम सीट मी कधी पाहिलीच नाही. मग दहा कसे देऊ?"

मॅडमने पेन गालावर टेकवलं. "बरं, मग एकपासून धरा. एक म्हणजे सगळ्यात वाईट."

"ते ठाऊक आहे. आमच्या बसमधली चाकावरची सीट."

"झालं तर मग! तिथून वर मोजत या."

मावशी वर मोजत आल्या आणि पाचापाशीच अडकल्या. पुढे किती वर जायचं, ते सांगणारं कुणी नव्हतं.

*

गाडी चालवायला होता मामा. चाचणी विभागातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो कुणाचा मामा होता ते कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा. मावशी पहिल्यांदा मागचं दार उघडून बसल्या, तसा तो आरशातून म्हणाला, "तुम्ही मावशी, मी मामा. म्हणजे आपण बहीणभाऊ झालो. आता भांडायला हरकत नाही."

फेरी पंचवीस किलोमीटरची. आधी सरळसोट मोठा रस्ता, मग गोदामांच्या मागचा उखडलेला रस्ता, मग पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ, मग बाजारपेठेतली गर्दी, की परत. मामा मोकळा माणूस. गाडी चालवता चालवता तो तिच्याबद्दल असं बोलायचा, जसं काही ती ऐकत होती. "ही बघा, चढाला लागली की हिला दम लागतो. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर टाकताना नखरे करते. पण सरळ रस्त्यावर काय सुटते! आणि ब्रेक बघा, ब्रेक. लोण्यासारखा." मावशींना मागे बसून फक्त एवढंच कळायचं की मान आधी मागे गेली आणि मग पुढे आली. आता याला पाच द्यायचे की सात? त्यांनी मामाला विचारलं.

"मला विचारू नका," मामा म्हणाला. "माझा फॉर्म वेगळा आहे. मी सगळ्यांना आठ देतो. आठ दिले की कुणी काही विचारत नाही."

पण मावशींना तसं जमेना. बावीस वर्षांत त्यांनी सात टाक्यांच्या जागी कधी आठ टाके घातले नव्हते. पहिल्या दिवशी परत आल्यावर त्या काचेच्या खोलीत दीड तास फॉर्म भरत बसल्या. एक नंबरच्या गाडीला सगळीकडे सहा दिले. दोन नंबरला आठ. तीन नंबरला काय द्यावं ते कळेना, म्हणून आधी सात लिहिले, मग सहा केले, मग खोडरबर मागितलं. शेवटी एक रिकामा चौकोन होता. वर लिहिलं होतं, 'इतर काही.' तिथे मात्र त्यांचा हात भराभर चालला. बेल्टचं कुलूप दोन सीटच्या फटीत जातं, ते शोधताना बोटं चिमटतात. दार इतकं लांब उघडतं की ओढून घ्यायला अर्धं उठावं लागतं. गार वारा गुडघ्यांवर येतो, तोंडावर येत नाही. डिकीचं झाकण वर गेलं की माझा हात पोचत नाही, उडी मारावी लागते. चौकोन संपला तसा त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं.

*

घरी या कामाचा भलताच बोभाटा झाला. मावशींचे यजमान बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायचे. तीस वर्षं ते लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत आले होते. सून एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, मुलगा सतत कामानिमित्त बाहेरगावी. संध्याकाळी मावशी दारात दिसल्या की सून विचारायची, "आई, आज किती?"

"कशाला किती?"

"चहाला. टाकला आहे. गुण द्या."

पहिले दोन दिवस हसण्यावारी गेलं. तिसऱ्या दिवशी मावशींच्या लक्षात आलं की चहाचा घोट घेताना त्या खरंच विचार करताहेत, सहा की सात. रात्रीच्या जेवणाआधी त्या दिवाणावर टेकल्या, तर पाठीला आधार नाही हे जाणवलं. उठून खुर्चीत बसल्या, तर मांडीला कड लागली. मग यजमानांच्या आरामखुर्चीत बसून पाहिलं, तर पाय जमिनीला टेकेनात. या घरात सत्तावीस वर्षं आपण नेमकं बसतो तरी कुठे, हे त्यांना काही केल्या आठवेना. शेवटी त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. स्टुलाला पाठ नव्हती, हात नव्हते, उशी नव्हती, आणि तरी बरं वाटलं. आता हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

"डोकं पार भंजाळलंय माझं," त्या म्हणाल्या.

"अगं, दोन आठवड्यांचं तर काम," यजमान वर्तमानपत्रातून म्हणाले. "बसायचंच आहे. लोक पैसे देऊन बसतात."

*

बुधवारी दोन नंबरच्या गाडीत ती गोष्ट घडली. मामाने उखडलेल्या रस्त्यावर गाडी घातली, मावशींनी सावरायला सीटवर हात टेकला, आणि बोटांना ती शिवण लागली. सीटच्या मधोमध आडवी गेलेली, दुहेरी. बोटं आपोआप तिच्यावरून कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावर तीन टाके मागे घेतलेले होते, किंचित तिरके.

मावशींनी बोट तिथेच रोवलं. कोपऱ्यावर तीन टाके मागे घ्यायचे, म्हणजे दोरा उसवत नाही, ही त्यांची स्वतःची रीत. कुठल्याही नकाशात ती नव्हती. साहेबांनी सांगितलेली नव्हती. त्यांनीच काढली आणि त्यांनीच पोरींना शिकवली. म्हणजे दोन नंबरची गाडी आपली! आपल्याच खात्यात शिवलेली!

"काय झालं?" मामाने आरशात पाहून विचारलं. "चेहरा का असा उतरला?"

"काही नाही. खड्डा मोठा होता."

आणि गंमत म्हणजे, त्या क्षणापासून ती शिवण त्यांना टोचायला लागली. सोमवारी टोचली नव्हती, मंगळवारी टोचली नव्हती. आता मात्र बरोबर मांडीखाली, जणू कुणी दोरी ताणून धरली आहे. त्यांनी बूड इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. चढ आला, बाजार आला, त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. टोचतंय तर खरं. मग कमी गुण द्यायचे? आपल्याच चाळीस बायकांच्या कामाला? आणि जास्त दिले तर ते खोटं नाही का होणार? आणि ओळखायचं नाही असं मॅडमने बजावलेलं असताना आपण ओळखलं, ते सांगायचं की गिळायचं?

त्या दिवशी त्यांनी दोन नंबरला 'मांडीला आधार'मध्ये पाच दिले. गुरुवारी वाईट वाटलं, म्हणून सात दिले. शुक्रवारी सातांचं वाईट वाटलं, म्हणून चार.

त्याच शुक्रवारी शेवटची फेरी तीन नंबरच्या गाडीतून होती आणि मावशींना त्यात झोप लागली. अशी तशी नाही, गाढ. मोठा रस्ता, खड्डे, चढ, बाजार, सगळं झोपेत गेलं. मामाने दार उघडून, "मावशी, उतरा, मुक्काम आला," म्हटलं तेव्हा त्या दचकून उठल्या. फॉर्मवर त्रेचाळीस रकाने कोरे.

"झोप लागली म्हणजे सरळ दहा लिहा की," मामा म्हणाला.

मॅडमला ते पटलं नाही. "झोप सीटमुळे लागली की थकव्यामुळे, ते आधी ठरवायला हवं. तुम्हाला काय वाटतं, मावशी?"

"मी झोपले होते, मॅडम. मला काही वाटलं नाही."

मॅडमने कपाळावर हात मारला, मग हसू आवरत कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर रंगीत रेषा होत्या. दोन रेषा साधारण सरळ चालल्या होत्या. तिसरी, दोन नंबरच्या गाडीची, वर जात होती, खाली येत होती, परत वर. "बघा ना. सोमवारी आठ, बुधवारी पाच, गुरुवारी सात, आज चार. गाडी तीच, रस्ता तोच, मामा तोच. काय झालंय नेमकं?"

मावशींना शाळेत पाढा चुकल्यावर वाटायचं तसं वाटलं. "पाठ दुखत होती," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्यामुळे खरोखरच पाठ दुखायला लागली.

पुढच्या सोमवारी त्यांनी एक युक्ती केली. आधीच्या सोमवारचे सगळे आकडे त्यांनी आठवून आठवून एका चिठ्ठीवर उतरवून ठेवले होते. ते बघून जसेच्या तसे लिहून टाकले. मॅडमने फॉर्म वाचला आणि तिचा चेहरा आणखीच पडला. "मावशी, एवढं तंतोतंत कधीच येत नाही. हे बघून लिहिलंत का?"

वेगळं लिहिलं तरी चूक, सारखं लिहिलं तरी चूक. घरी जाऊन मावशी स्टुलावर बसल्या आणि यजमानांना सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शिवण, तीन टाके, चिठ्ठी, सगळं.

यजमानांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. हे त्यांनी फार क्वचित केलं होतं.

"अगं, हे तर माझ्याकडे रोज होतं," ते म्हणाले. "मी माणसाला विचारतो, ही काच स्पष्ट की ती? तो म्हणतो, ही. परत त्याच दोन काचा घालतो, विचारतो. म्हणतो, ती. तिसऱ्यांदा विचारलं की घाम फुटतो बिचाऱ्याला. खोटं बोलत नसतो तो. त्याला बरोबर उत्तर द्यायचं असतं ना, म्हणून बघायचंच विसरतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काही सांगत नाही. कुठली काच घातली तेच कळू देत नाही. मग विचारतो."

"मला तर बोटांनीच कळलं. बोटं काय कापून ठेवू?"

"बोटं नको कापू. झाकून टाक ती सीट."

*

दुसऱ्या दिवशी मावशींनी मॅडमला सांगितलं, "सीटवर जाड चादर टाका, माझे डोळे बांधा, आणि मामांना गप्प बसायला सांगा. मग मी खरं काय ते सांगते."

मॅडमने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे खरं तर मीच आधी करायला हवं होतं."

डोळे बांधणं सोपं होतं, मामाला गप्प बसवणं अवघड. तो पहिल्या फेरीत तीनदा खाकरला आणि एकदा कुणा सायकलवाल्याला काहीतरी म्हणाला, ते सोडून दिलं. मावशी हात मांडीवर घट्ट ठेवून बसल्या. डोळे मिटलेले असले की गाडी वेगळीच लागते. चढ कधी सुरू झाला ते पोटाला कळतं. वळण खांद्याला कळतं. बाजारात गाडी थांबली की बाहेरची सगळी माणसं आपल्या कानाशी येऊन उभी राहतात. तिन्ही फेऱ्या झाल्या. मावशींनी प्रत्येक वेळी उतरल्या उतरल्या, डोळ्यांवरची पट्टी न काढता, तोंडाने गुण सांगितले आणि मॅडमने लिहून घेतले. पहिलीला सात. दुसरीला चार, खांदे आखडले म्हणून. तिसरीला सात.

"मांडीखाली काही टोचलं?"

"दुसऱ्या गाडीत थोडं. तिसरीत अजिबात नाही."

काचेच्या खोलीत मॅडमने यादी समोर ठेवली. "पहिली होती एक नंबर. दुसरी होती तीन नंबर."

"तीन? जिच्यात मी झोपले ती?"

"तीच. आणि तिसरी, जिच्यात अजिबात टोचलं नाही, ती दोन नंबर."

मावशी खुर्चीत बसल्या आणि यादी स्वतःकडे ओढली. जिच्यात गाढ झोपल्या, तिला चार. जिची शिवण आठवडाभर टोचत होती, तिच्यात काहीच टोचलं नाही. मग टोचलं होतं ते काय? त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, जणू बोटांनीच काहीतरी लबाडी केली होती.

"मॅडम, मी एक लपवलं तुमच्यापासून," त्या म्हणाल्या. आणि शिवणीची सगळी हकिगत त्यांनी सांगितली. दोन नंबरची गाडी आपली आहे हे ओळखलं, म्हणून कधी कमी दिले, कधी जास्त दिले, कसे द्यावे तेच कळेना.

मॅडम ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "पण मावशी, दोन नंबर आपली नाही."

"नाही कशी? कोपऱ्यावर तीन टाके आहेत. माझे."

"दोन नंबर दुसऱ्या कंपनीची आहे. आपली एक नंबर आहे. तिच्या सीट नमुना विभागात शिवल्या, तुमच्या खात्यात नाही. म्हणून तुम्हाला ओळखू आली नसेल."

एक नंबर! मावशींनी आठवायचा प्रयत्न केला. एक नंबरला त्या रोज सहा देत होत्या. तिच्याबद्दल त्यांना काहीही आठवत नव्हतं. रंगसुद्धा नाही. त्या उठल्या, जिन्याने खाली गेल्या, आवारात उभ्या असलेल्या दोन नंबरच्या गाडीचं दार उघडलं आणि चादर बाजूला करून कोपरा पुन्हा पाहिला. या वेळी डोळ्यांनी. तीन टाके, मागे घेतलेले, किंचित तिरके. चूक नव्हती.

मामा बॉनेटला टेकून चहा पीत होता. "काय हरवलं?"

"माझे टाके दुसऱ्यांच्या गाडीत कसे गेले, ते बघतेय."

"पाय फुटले असतील त्यांना," मामा म्हणाला.

ते ऐकून मावशी एकदम थांबल्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारच्या मशीनवर एक मुलगी होती. तिरकं बसायची, त्यामुळे तिचे टाके नेहमी किंचित कलायचे. मावशींनी तिला दोन वर्षं शिकवलं, शंभरदा उसवायला लावलं, एकदा रडवलंसुद्धा. मग एके दिवशी ती काही न सांगता सोडून गेली. दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारखान्यात, असं कुणीतरी म्हणालं. मावशींना त्याचा इतका राग आला होता की त्या जागेवर आलेल्या नव्या मुलीशी त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या. हे तिचंच काम असेल का? की तिने तिकडे कुणाला शिकवलं, आणि हे तिसऱ्याच कुणाचं? की ज्या बाईला त्या ओळखतही नाहीत, तिला आपल्या आपणच तसंच सुचलं असेल? सांगता येत नव्हतं. मावशींनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. रागवावं की बरं वाटावं, हे काही त्यांचं ठरेना. टाके मात्र इंचाला बरोब्बर सात होते.

*

शेवटच्या दिवशी मॅडमने त्यांना खरं ते सांगितलं. ड्रायव्हर, तज्ज्ञ धरून चाळीस माणसांनी गुण दिले होते आणि त्यांची सरासरी काढली होती. मावशींचे गुण त्यात धरता आले नव्हते, कारण ते एकमेकांशी जुळत नव्हते. "पण 'इतर काही'मध्ये तुम्ही जे जे लिहिलंत, ते मी जसंच्या तसं वर पाठवलंय. पाठीमागे लिहिलेलंसुद्धा. त्याचं पुढे काय होईल, ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," मावशी म्हणाल्या. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या खाली आपल्या मशीनवर येऊन बसल्या. बायकांनी गराडा घातला. कशी होती गाडी? आपली चांगली की त्यांची? मावशींनी दोरा ओवायला घेतला.

पण एकदा नाव झालं की झालं. घराघरांतून बातमी पसरली होती की मावशी गाड्या तपासतात. महिन्याभरात धाकटे दीर आणि जाऊ घरी आले. दिरांना गाडी घ्यायची होती, अशीच मध्यम, चार दारांची. त्यांनी तीन कंपन्यांची रंगीत पत्रकं टेबलावर पसरली. "वहिनी, तुम्ही तर या विषयातल्या जाणकार. यातली कुठली घेऊ?"

मावशींनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी वर्तमानपत्र वर केलं.

"बसून बघायला लागेल," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

रविवारी सगळे गाड्यांच्या दुकानात गेले. विक्रेता तरतरीत होता. पडदा केवढा, मागे घेताना कॅमेरा कसा दिसतो, छत कसं उघडतं, एका लिटरला किती पळते, सगळं त्याने एका दमात म्हणून दाखवलं. दीर पुढे स्टिअरिंगवर बसले, विक्रेता त्यांच्या शेजारी. मावशी मागचं दार उघडून बसल्या. जाऊ बाहेरच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

"अगं, ये ना. बस."

"मी कशाला? तुम्ही बसा, तुम्हाला कळतं. मला काय कळतंय त्यातलं?"

"ये म्हणते ना."

जाऊ आत आली. गाडी निघाली. दीर आणि विक्रेता पिकअप आणि गिअरबद्दल बोलत होते. मावशींनी जावेला विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान आहे. ह्यांना आवडली की झालं."

"ह्यांना नाही विचारलं. तुला विचारलं."

जावेने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा प्रश्न परक्या भाषेतला होता. मग ती सीटमध्ये नीट मागे सरकली. खिडकीतून बाहेर पाहिलं. पाय लांब करून पाहिले, जवळ घेतले. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. मावशींनी तिला घाई केली नाही. त्या विचारात किती वेळ जातो, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"पायांना जागा भरपूर आहे," जाऊ शेवटी म्हणाली. "उशीही मऊ आहे. पण एक सांगू? ह्यांचं पुढे चाललेलं बोलणं मला इथे अजिबात ऐकू येत नाहीये."

"मग ते चांगलं की वाईट?"

जाऊ विचारात पडली. कपाळाला आठ्या घालून तिने पुढे बोलणाऱ्या नवऱ्याच्या मानेकडे बराच वेळ पाहिलं. "तेच तर कळत नाहीये, ताई," ती म्हणाली, आणि दोघींना असं हसू फुटलं की दिरांनी गाडी बाजूला घेतली आणि वळून विचारलं, काय झालं, मागे काही बिघडलं का?